गंगाबाईचे बोंबील आणि नऊशे चार

कामोठ्यात सुकी मासळी विकणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण सरकारची बाजू घेऊन भांडणारी त्यांच्यात एकच होती. ती म्हणजे मोऱ्याची गंगाबाई. सरकारनं तिला घर देऊ केलं होतं आणि पाच वर्षं दिलं नव्हतं. एवढं झाल्यावर माणसानं सरकारचा उद्धार करावा, निदान चारचौघांत कपाळाला हात तरी लावावा. गंगाबाई तसलं काही करत नसे. कुणी गिऱ्हाइकानं विचारलं, "काय मावशी, मिळाली का चावी?" की ती जवळ्याचं माप भरता भरता शांतपणे सांगायची, "येल. सध्या ओहोटी चालू हाय."

ऐकणारा हसायचा आणि पुडी घेऊन जायचा. पण गंगाबाई थट्टा करत नव्हती. ती मोऱ्याच्या धक्क्यावर लहानाची मोठी झाली होती. उरणच्या त्या धक्क्याहून मुंबईला लाँच सुटतात. धक्क्याशी गाळ इतका, की ओहोटीला लाँच लागतच नाही. मग ज्याला मुंबईत कोर्टाची तारीख आहे तोही, आणि जिची पाटी उन्हात वास मारायला लागलीय तीही, सगळे धक्क्यावर बसून राहतात. आरडाओरडा करून पाणी चढत नाही. तिचा नवरा दिनानाथ त्याच लाँचवर एकतीस वर्षं खलाशी होता. लाँच कधी लागणार हे तो घड्याळावर सांगत नसे. आज तिथी कोणती ते विचारायचा, बोटांवर काहीतरी मोजायचा आणि सांगायचा. ते कधी चुकलं नाही.

एकदा एक पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले साहेब घाईला आले. पलीकडे लाँच दिसत होती, मध्ये गाळ. लोक नको नको म्हणत असताना त्यांनी उडी मारली आणि कमरेपर्यंत आत गेले. चौघांनी दोर टाकून त्यांना ओढून काढलं. साहेब आले, बूट आले नाहीत. ही गोष्ट गंगाबाईनं आयुष्यात किमान पाचशे वेळा सांगितली असेल आणि दर वेळी शेवट एकच, "त्ये बूट आजून तितंच हाईत. म्हनून सांगते, गाळात उतरू नये."

मोऱ्याचं घर दोन खणांचं आणि वाटेकरी चार दीर. मुलगा मिथुन तळोज्याच्या कारखान्यात लागला तसं बिऱ्हाड कामोठ्याला आलं: गंगाबाई, दिनानाथ, मिथुन, त्याची बायको कीर्ती आणि तेव्हा तीन वर्षांची असलेली नात रिया. आल्या आल्याच मिथुननं आईच्या नावानं सरकारी घरांच्या सोडतीचा अर्ज भरला आणि नशिबानं पहिल्याच सोडतीत नाव निघालं. नववा मजला, खोली नंबर नऊशे चार. ताबा दीड वर्षात. त्या दिवशी गंगाबाईनं बाजारात येईल त्या गिऱ्हाइकाच्या पुडीत मूठभर सुकट वरून टाकली.

दीड वर्षाची पाच वर्षं झाली. एकीकडे घराचे हप्ते, दुसरीकडे भाडं. आणि भाड्याचं घर म्हणजे अकरा महिन्यांचं घर. करार संपला की मालक म्हणणार, "यंदा आमची माणसं यायचीत, खाली करा." माणसं कुठली यायची असतात! खरं कारण गंगाबाईच्या पाटीत असायचं. सुक्या मासळीचा धंदा आणि सोसायटीतलं घर यांचं जमत नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं हे बिऱ्हाड सेक्टर सहाहून अकराला, अकराहून वीसला असं फिरत आता सहाव्या घरात आलं होतं.

सहाव्या घरापर्यंत वास लपवण्यात ही मंडळी इतकी तरबेज झाली होती की चोरांनी शिकवणी लावावी. माल घट्ट झाकणाच्या निळ्या पिंपात, पिंपावर गोधडी, गोधडीवर पाट. बाजारातून आल्यावर गंगाबाई खालच्या नळावर हात लिंबानं घासायची आणि मगच जिना चढायची. जिना चढताना तिच्या हातात मुद्दाम मेथीची जुडी असायची, पानं बाहेर दिसतील अशी. आणि बोंबील? ते मालकीणबाई माहेरी गेल्या की. मालकीण मनिषाताई वरच्या मजल्यावर राहत, बरोबर त्यांच्या सासूबाई, म्हातारपणी नाक गेलेलं पण कान तिखट. घरात कांदासुद्धा वारानं चालायचा. मनिषाताईंचं माहेर साताऱ्याकडे. त्या एसटीत बसल्याची बातमी कळली की खाली कीर्ती खिडक्या बंद करायची, दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबायची, उदबत्त्या लावायची आणि मग तव्यावर दोन बोंबील पडायचे. पाच माणसं धुरानं डोळे पुसत, खोकला दाबत जेवायची. स्वतःच्या घामाचं खाणं, पण खायचं मात्र चोरून. मनिषाताई वाईट नव्हत्या बरं का. रियावर त्यांचा फार जीव. तिच्यासाठी डब्यात लाडू काढून ठेवायच्या.

म्हणून गंगाबाईला नऊशे चार हवं होतं. मोठं घर नको होतं, उंच नको होतं. जिथं तव्यावर बोंबील टाकताना दाराकडं बघावं लागणार नाही असं घर हवं होतं.

ते घर पनवेलच्या एका टोकाला, डोंगराच्या बाजूला, उभंही होतं. इमारती पुऱ्या होऊन रंगसुद्धा मारून झाला होता. तो रंग आता उडायलाही लागला होता. गेटला कुलूप होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सोडतीतले लोक त्या गेटाशी जमायचे. यायचे, मान वर करून आपापली खिडकी मोजायचे आणि एकमेकांशी भांडायचे. सातव्या मजल्यावरच्या दीपेशनं मोबाइलवर सगळ्यांचा ग्रुप काढला होता. पार्किंग कुणाला, गणपती कुठं बसवायचा, सोसायटीचा चेअरमन कोण, यावर तिथं तीन वर्षं रण माजलं होतं. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. ज्यांनी अजून घराचा उंबरठा पाहिला नव्हता त्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं.

गेटाच्या आत पत्र्याच्या खोपट्यात बुधा आणि त्याची बायको प्रमिला राहायची. बुधा राखणदार. प्रमिलानं याच इमारतीवर दोन वर्षं विटा-रेती वाहिली होती, नवव्या मजल्यापर्यंत लाद्या डोक्यावरून नेल्या होत्या. ती मूळची डोंगराकडच्या वाडीतली, आधी वीटभट्टीवर, मग बांधकामावर. ज्यांनी इमारत बांधली त्यांचं नाव कुठल्या सोडतीत असत नाही, आणि प्रमिलाला त्यात काही नवलही वाटत नव्हतं. तिचं नि गंगाबाईचं मात्र पहिल्याच रविवारी जमलं. गंगाबाईनं जाळीतून तिला बोंबलाची पुडी दिली. प्रमिलानं लगेच तीन दगडांच्या चुलीत निखारे सारून ते भाजले. गंगाबाई जाळीच्या बाहेर, प्रमिला आत, आणि मध्ये तो वास उघड्यावर, बिनधास्त. गंगाबाईनं डोळे मिटून घेतले होते.

"मावशी, तुजी खोली म्या बगितलीया," प्रमिला म्हणाली.

"कशी हाय गं?"

"बेस हाय. सैपाकाच्या वट्यासमोर खिडकी. मावळतीला त्वांड."

"मावळतीला?" गंगाबाईचे डोळे चमकले. "म्हनजे खाडीकडचा वारा लागल. गॅलरी हाय?"

"हाय की. येक खाट बसल एवडी."

"मना खाट नको. वलांडी बांदीन." वलांडी म्हणजे बोंबील सुकत घालायची बांबूची आडवी काठी. नवव्या मजल्यावर वलांडी! दीपेशनं ऐकलं असतं तर ग्रुपवर चौथं रण पेटलं असतं. पण त्या दिवसापासून दर महिन्याच्या त्या रविवारी गंगाबाई प्रमिलाकडून आपल्या घराचं वर्णन ऐकायची. ओटा केवढा, मोरी कुठं, फळी लावायला जागा आहे का. पुराण ऐकणाऱ्या बायकांना गोष्ट पाठ असते तरी त्या पुन्हा ऐकतातच, तसं.

मधून मधून लोक चिडायचे. तारीख दिली जायची, निघून जायची, येरे माझ्या मागल्या. लिफ्टचं राहिलंय, पाण्याचं राहिलंय, कुठल्याशा दाखल्याचं राहिलंय. मग दीपेश म्हणायचा, "बस झालं, ऑफिसवर मोर्चा नेऊ." आणि गंगाबाई पदर खोचून उभी राहायची, पांढऱ्या कपड्यांतल्या साहेबांची गोष्ट सांगायची, लोक हसायचे आणि मोर्चा बारगळायचा. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी दीपेश हसला नाही. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि भाड्याच्या एका खोलीत बाळ आणायचं कुठं हा प्रश्न होता. तो म्हणाला, "आजी, तुमच्या गोष्टीनं आमची चार वर्षं गेली." गंगाबाईला ते लागलं. पण तिनं मनाची समजूत घातली, तरुण रक्त, धक्क्यावर असंच करतात.

यंदाच्या दिवाळीनंतर एका मंगळवारी मनिषाताई दोन दिवसांसाठी साताऱ्याला गेल्या. बुधवारी कीर्तीनं टॉवेल कोंबला, उदबत्ती लावली, बोंबील भाजले, लसूण-मिरची घालून चटणी कुटली. तिसरीतल्या रियानं सकाळच्या शाळेतून येऊन भाकरीबरोबर ती चाटूनपुसून खाल्ली आणि ती खेळायला बाहेर पडली. जिन्यात तिची गाठ मनिषाताईंशीच पडली. त्यांचं काम लवकर आटपलं होतं. हातात पिशवी, पिशवीत कंदी पेढे.

दाराआड गंगाबाई कान देऊन ऐकू लागली.

"काय गं रिया, जेवलीस का?"

"हो काकू."

"काय होतं आज?"

"वरण-भात. आणि भेंडीची भाजी," रिया म्हणाली. बोलताना तिनं तोंड किंचित बाजूला वळवलं होतं, श्वास समोर जाऊ नये म्हणून. तिचा आवाज जराही कापला नाही. पेढा घेऊन थँक्यू म्हणून ती उड्या मारत खाली गेली.

गंगाबाई दाराला टेकून उभी राहिली. वरण-भात एक वेळ ठीक. पण भेंडी! ती भेंडी पोरीनं मनानं घातली होती. विचारणाऱ्याला खरं वाटावं म्हणून काय घालावं लागतं हे आठ वर्षांच्या पोरीला ठाऊक होतं.

संध्याकाळी तिनं रियाला मांडीवर घेतलं. "बाय, ता वरन-भाताचा तुला कोनी शिकवला?"

"कुणी नाही. मी नेहमी तसंच सांगते," रिया सहज म्हणाली. "शाळेत पण."

"शाळेत काय सांगतेस?"

"माझ्या बाकावरची मैना विचारते ना, तुझी आजी काय करते. मी सांगते, भाजी विकते."

 गंगाबाईनं नातीच्या केसांतून हात फिरवला आणि मग तोच हात नाकाशी नेऊन हुंगला. लिंबाचा वास येत होता. चाळीस वर्षं तिनं पाटी डोक्यावर घेतली होती, त्या पाटीवर पोरगा शिकवला होता, कुणाच्या बापाला भ्यायली नव्हती. आणि आज आपल्याच नातीला आपली लाज वाटत होती. चूक पोरीची नव्हती. तिच्यासमोर टॉवेल कोण कोंबत होतं?

गॅलरीत दिनानाथ कुणाचं तरी फाटकं जाळं विणत बसला होता. धंदा सुटला तरी त्याची सुई सुटली नव्हती. गंगाबाई त्याच्याजवळ जाऊन बसली.

"आवो, भरती कोन आनतो?"

दिनानाथनं चष्म्यावरून बघितलं. एकतीस वर्षं खलाशी असलेल्या माणसाला हा काय प्रश्न. "चांद आनतो. तुला काय जालाय?"

"आनि आपल्या घराची चावी कोन आननार?"

दिनानाथची सुई थांबली.  "ती काय चांद आननार नाय," तो म्हणाला. "ती कोन तरी मानूसच आननार."

"मंग पाच वर्सा मी कुनाची वाट बगते?"

 दिनानाथनं तिथी मोजायला बोटं उचलली होती ती तशीच खाली ठेवली.

रविवारची वाट न बघता गंगाबाई दुसऱ्या दिवशी गेटावर गेली. आज तिनं ओट्याची चौकशी केली नाही. प्रमिलाला तिनं सरळ विचारलं, काम नेमकं कुठं अडलंय? साहेबांना पाच वर्षांत जे सांगता आलं नव्हतं ते प्रमिलानं एका दमात सांगितलं. रस्त्यावरची पाण्याची लाइन आली होती. इमारतीची टाकी बांधून झाली होती. मधला पाइप तेवढा नव्हता. "खड्डा मारून वरीस झाला मावशी. पाइप पन आनलं व्हतं. मानसं आली, सायबाची सही नाय म्हनली, पाइप घिऊन ग्येली."

"केवडा लांब?"

बुधानं गेट किलकिलं केलं. गंगाबाईनं लुगडं वर खोचलं आणि रस्त्यापासून टाकीपर्यंत स्वतः चालून बघितलं. चाळीस पावलं. पाच वर्षांच्या ओहोटीची लांबी चाळीस पावलं निघाली. खड्ड्यात एरंड उगवला होता. तो बघून तिला आधी हसू आलं आणि मग असा संताप आला की ती प्रमिलावरच ओरडली, "पयला का नाय सांगलास?"

"तू वट्याचं इचारायचीस," प्रमिला म्हणाली. "पाइपाचं कुनी इचारलंच नाय."

त्याच दुपारी दीपेशला फोन गेला. "सोमवारी ऑफिसात जायचा. समद्यांना सांग."

"आजी, तुम्ही? गाळात उतरणार?"

"ह्यो गाळ नाय रं बाबा. ह्ये मानसाचं काम हाय. मी उगाच त्याला समुद्र समजले." मग ती म्हणाली, "चार येळा तुमाला अडवला, ता माजा चुकला."  दीपेश म्हणाला, "गाडी पाठवतो, आजी."

सोमवारी तीसेक माणसं जमली. सरकारी ऑफिसात नेहमीचं स्वागत झालं, साहेब मीटिंगमध्ये आहेत. मीटिंग कधी संपेल? सांगता येत नाही. दीपेशनं घोषणा द्यायला छाती भरून श्वास घेतला, पण गंगाबाईनं त्याचा हात धरला. "वरडू नको. बसूया. जेवायची येळ जाली." पोर्चच्या बाहेर मोकळ्या जागेत तिनं फतकल मारली. बरोबर आलेल्या प्रमिलानं पिशवीतून छोटी शेगडी काढली, कोळसे पेटवले. गंगाबाईनं पाटीवरचं फडकं बाजूला केलं आणि निखाऱ्यांवर बोंबील मांडले. अगदी सावकाश, एकेक, चांगले वीतभर लांब.

अर्जाला इनवर्ड नंबर लागतो. बोंबलाच्या वासाला लागत नाही. तो पोर्चमधून आत शिरला, चौकशीच्या खिडकीला वळसा घालून जिना चढला. पहिल्या मजल्यावर खिडक्या धडाधड बंद झाल्या. त्यानं काही फरक पडेना, कारण तो एसीतून आत गेला होता. दुसऱ्या मजल्यावर एका बाई कारकुनानं फाइल मिटली. तिसऱ्यावरून दोन शिपाई कामाच्या निमित्तानं खाली आले आणि शेगडीभोवती घुटमळू लागले. एकानं हळूच विचारलं, "मावशी, उरणचे का?" गंगाबाईनं त्याला अर्धा तोडून दिला. मीटिंग पंधरा मिनिटांत संपली.

साहेब खाली आले ते नाकाला रुमाल लावून. तिशीचा पोरगा, नाव अपूर्व. चेहऱ्यावर राग कमी आणि गोंधळ जास्त. "आजी, हे काय चाललंय? वर लोकांना काम करता येत नाहीये."

"मना ठाव हाय साहेब. ह्या वासापायी पाच घरा सोरली आमी. पाच वर्सा दाराला फडकी लावून खातो. आमच्या घरात भाजलं तर तुमाला तरास व्हनार नाय. चावी द्या, आता उठते."

लोक हसले. साहेबही हसता हसता राहिले. "मी तुम्हाला तारीख देतो. लेखी देतो. पुढच्या महिन्याच्या..."

"तारीख नको," गंगाबाई म्हणाली. कमरेच्या पिशवीतून तिनं पत्रांची चळत काढली. "सात हाईत. तारखा मना पुऱ्या. रस्त्यापासून टाकीपर्यंत चाळीस पावला पाइप टाकायचाय. सहीसाठी अडलाय. ती सही कोनाची, ता नाव सांगा."

"तसं नाव नसतं आजी. ते पाणी खात्याकडं जातं, तिथून तांत्रिक विभागाकडं..."

"खात्याला हात असतो काय? सही हातानं करतात. त्यो हात कोनाचा?"

 पाच वर्षांत अर्ज आले होते, निवेदनं आली होती, पुढाऱ्यांचे फोन आले होते. सगळ्यांनी तारीख मागितली होती आणि तारीख द्यायला काही लागत नाही. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "थांबा," म्हणून साहेब वर गेले. अर्धा तास झाला. बोंबलांची दुसरी खेप शेगडीवर चढली. दीपेश म्हणाला, "गेला पळून मागच्या दारानं."

पण ते आले. हातात धूळ झटकलेली एक फाइल होती आणि नाकावर रुमाल नव्हता. गंगाबाईसमोर पायरीवर बसून ते हलक्या आवाजात म्हणाले, "आजी, सही माझी आहे. मी चार महिन्यांपूर्वी बदलून आलो. फाइल माझ्याच कपाटात होती. मी उघडली नव्हती."

लोकांत एकच कालवा झाला. कुणी शिवी हासडली, कुणी पुढं सरसावलं. त्या पोराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण तो उठून गेला नाही. गंगाबाईला त्याच्यावर चिडायचं होतं, चार दिवस ती त्याचीच तयारी करत होती. आणि आता तो समोर बसल्यावर तिला त्याची दया आली. "गप ऱ्हावा रं," ती लोकांवर खेकसली. "पाच वर्सात खरा बोलनारा पयला मानूस भेटलाय. त्यालाच मारता?" मग त्याच्याकडं वळून म्हणाली, "कर सही. हितंच कर, माज्यासमोर."

अपूर्व साहेबांनी फाइल गुडघ्यावर ठेवून सही केली.

नऊ दिवसांत पाइप पडला. प्रमिलानं फोन करून नळाच्या पाण्याचा आवाज गंगाबाईला ऐकवला. पण म्हणून लगेच चावी मिळाली असं समजू नका. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. पाण्याचं झालं तर लिफ्टच्या तपासणीचं निघालं, ते दुसऱ्या ऑफिसात. आता दर सोमवारी गंगाबाई शेगडी घेऊन निघते आणि ज्या ऑफिसात काम अडलं असेल तिथं जाऊन एकच प्रश्न विचारते. बऱ्याच ठिकाणी कोळसे पेटवायची पाळीच येत नाही. शेगडी दिसली की नाव मिळतं.

अशाच एका सोमवारी रियाला सुट्टी होती म्हणून ती आजीबरोबर गेली होती. लिफ्टच्या ऑफिसात शेगडी पेटवावी लागली. दुपारी दोघी परत आल्या तेव्हा गंगाबाईच्या लुगड्याला, रियाच्या फ्रॉकला, केसांना, सगळ्याला तो वास होता. हात लिंबानं घासायचं गंगाबाई विसरली होती. मेथीची जुडीही नव्हती. जिन्यात मनिषाताई उभ्या होत्या.

"दमलीस का गं रिया? काय जेवलीस आज?"

गंगाबाई दोन पायऱ्या खाली होती. वरण-भात तिच्याच तोंडाशी आला होता, तो तिनं गिळला. रियानं मागं वळून आजीकडं बघितलं, आजीच्या डोक्यावरच्या पाटीकडं बघितलं आणि मग मनिषाताईंकडं सरळ तोंड करून म्हणाली, "सुके बोंबील, काकू. आजीनं भाजले. माझी आजी मासळी विकते."

 मनिषाताई उसासा टाकून म्हणाल्या, "अगं, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मला नाक नाही का? दर दोन महिन्यांनी मी माहेरी कशाला जाते असं वाटलं तुम्हाला?"

गंगाबाईच्या डोक्यावरची पाटी हलली.

"तुम्ही बोलत नव्हता, मी विचारत नव्हते, चाललं होतं," मनिषाताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "आता पोरीनं जिन्यात मोठ्यानं सांगितलं. वर सासूबाईंनी ऐकलं असणार. आता मी त्यांना काय सांगू, गंगाबाई?"

"खरा काय ता सांगा," गंगाबाई म्हणाली.  या बाईनं आपली लाज झाकली, हे कळल्यावर तिच्या पाया पडावंसं वाटत होतं. "तुमचा उपकार इसरनार नाय, ताई. करार सपायला दोन महिनं हाईत. तवर चावी आनते, नाय तर सातवा घर बगते. पन पोरगी माजी आता वरन-भात बोलनार नाय."

ती रियाचा हात धरून घरात गेली. कीर्तीनं सवयीनं ओला टॉवेल हातात घेतला होता. गंगाबाईनं तो तिच्याकडून घेतला, पिळला आणि दोरीवर वाळत घातला. मग स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि दिनानाथसाठी तवा ठेवला.

"खिडकी उघडी राहू दे, आई?" कीर्तीनं घाबरत विचारलं.

"ऱ्हाऊ दे," गंगाबाई म्हणाली. "नऊशे चारमध्ये पन उगडीच ठेवायची हाय. पोरीला आतापास्न सवय लागू दे."